समुद्रातील एका आकड्याची जन्मकथा
(तृतीय वर्ष कला, भूगोल)

सागरविज्ञानाचे प्रकरण शिकताना वर्गात मी एक वाक्य टिपून घेतले होते : अरबी समुद्राच्या मध्यम खोलीवरील पाण्यात प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प असते. परीक्षेत हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आणि त्याचे गुणही मला मिळाले. पण इतक्या खोलवर कोण गेले, त्याने पाणी कसे आणले आणि त्यातला प्राणवायू कसा मोजला, हा प्रश्न मला त्या वेळी एकदाही पडला नाही. आपण विद्यार्थी पुस्तकातील आकड्यांकडे देवाने दिलेल्या वस्तूंप्रमाणे पाहतो. आकड्यालाही जन्म असतो, आणि त्या जन्माच्या वेदना कोणी तरी सोसलेल्या असतात, याची जाणीव मला दोन प्रसंगांनी झाली. गेल्या हिवाळ्यात आमच्या विभागाची अभ्याससहल दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत गेली, हा पहिला प्रसंग. परत आल्यावर मालवणजवळच्या आजोळी माझ्या मामांशी झालेल्या गप्पा, हा दुसरा. मामांनी बारा वर्षे एका संशोधन जहाजावर डेकवरचा खलाशी म्हणून काम केले. शास्त्रज्ञ काय करतात ते मी संस्थेत ऐकले. ते कसे घडते ते मामांकडून ऐकले. प्रस्तुत लेखात या दोन्हींची सांगड घालण्याचा प्रयत्न आहे.

थोडा इतिहास

खोल समुद्राच्या पद्धतशीर अभ्यासाचा आरंभ सामान्यतः ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या सफरीपासून मानला जातो. डिसेंबर 1872 मध्ये निघालेले हे जहाज मे 1876 मध्ये परतले. या काळात त्याने सुमारे 68,890 सागरी मैलांचा प्रवास केला आणि 362 ठिकाणी थांबून निरीक्षणे घेतली. अशा थांब्याला सागरविज्ञानात ‘स्थानक’ म्हणतात. प्रत्येक स्थानकावर काम ठरलेले असे. वजन बांधलेला दोर तळापर्यंत सोडायचा, खोली मोजायची, तळाची माती आणायची, निरनिराळ्या खोलीवरचे तापमान घ्यायचे, जाळे ओढायचे. 23 मार्च 1875 रोजी पश्चिम पॅसिफिकमध्ये, आज मारियाना गर्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, त्यांच्या दोराने 4,475 फॅदम म्हणजे आठ किलोमीटरहून अधिक खोली दाखवली. या सफरीचा अहवाल पुढे 50 खंडांत प्रसिद्ध झाला आणि ते काम 1895 पर्यंत चालले.

आपण या अहवालाचे कौतुक करतो ते योग्यच आहे. परंतु दोर सोडणारे आणि ओढणारे हात शास्त्रज्ञांचे नव्हते. जहाजावर शास्त्रीय मंडळी सहाच होती. बाकी दोनशेहून अधिक अधिकारी व खलाशी होते. दोर ओढायला वाफेचे यंत्र असले तरी एकेका स्थानकावर दिवसच्या दिवस जाई. वर काय येई? बहुधा चिखल. या एकसुरी कामाला कंटाळून कित्येक खलाशी बंदरात उतरले ते पुन्हा परतलेच नाहीत. सफरीच्या सुरुवातीलाच, 1873 मध्ये, जाळे ओढताना निसटलेल्या कप्पीचा आघात होऊन एक पोरसवदा खलाशी मृत्यू पावला. पन्नास खंडांच्या पायाशी ही माणसेही आहेत.

आपल्या अरबी समुद्राकडे पाहिले तर 1933–34 मधील जॉन मरे मोहिमेचा उल्लेख करावा लागतो. ‘मबाहिस’ हे इजिप्तचे छोटे जहाज, इजिप्तचे खलाशी आणि नेतृत्व सेमूर सेवेल यांचे. या मोहिमेच्या निरीक्षणांतून अरबी समुद्राच्या मधल्या थरांतील प्राणवायूच्या दुष्काळाचे चित्र बरेच स्पष्ट झाले. त्यानंतर 1960 च्या सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम सुरू झाली व ती 1965 पर्यंत चालली. तिच्यात भारतीय नौदलाच्या ‘किस्तना’ या जहाजाने भाग घेतला. या मोहिमेचेच फलित म्हणून 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. डॉ. एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक. 1976 मध्ये ‘गवेषणी’ हे जहाज संस्थेच्या सेवेत आले, आणि याच जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी अरबी समुद्राच्या तळातून बहुधात्विक गोटे प्रथम वर काढले. 1983 मध्ये ‘सागर कन्या’ आले आणि 2014 मध्ये ‘सिंधु साधना’. नावे आणि सने आपण पाठ करतोच. आता या जहाजांवर प्रत्यक्ष काय चालते ते पाहू.

एक स्थानक

समजा, किनाऱ्यापासून दूर साडेतीन हजार मीटर खोलीचे स्थानक आहे आणि जहाज तेथे रात्री दोन वाजता पोहोचले आहे. संशोधन जहाजाला रात्र नसते. जहाजाचा दिवसाचा खर्च फार मोठा असल्यामुळे स्थानक येईल ती वेळ कामाची. चार तास काम आणि आठ तास विश्रांती अशा पाळ्या असतात. पण स्थानकाच्या वेळी विश्रांतीतली माणसेही पुष्कळदा उठवली जातात. मामा म्हणतात, पहिल्या महिन्यात त्यांना वार कोणता हे भंडाऱ्याने केलेल्या जेवणावरून कळत असे. त्यानंतर तेही कळेनासे झाले.

जहाज थांबते. परंतु समुद्रात थांबणे म्हणजे स्थिर उभे राहणे नव्हे. वारा एकीकडे ढकलतो, प्रवाह दुसरीकडे. ब्रिजवरील अधिकाऱ्याला यंत्राच्या साहाय्याने जहाज सतत सावरावे लागते, कारण खाली सोडलेली तार तिरपी होऊन जहाजाच्या तळाखाली गेली तर तार आणि उपकरण दोन्ही गमावण्याची भीती असते. तारेला एक मोठी गोल चौकट टांगलेली असते. तिच्या मध्यभागी तापमान, क्षारता आणि दाब मोजणारे उपकरण, आणि भोवती बारा किंवा चोवीस लांबट बाटल्या. चौकट डेकवरून उचलून बाहेर नेण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा. जहाज डोलत असते आणि काही मणांचे हे ओझे लंबकासारखे झोके घेऊ लागते. त्याला दोन्ही बाजूंनी दोर लावून खलाशी ते आवरून धरतात. सारंगाचा हात वर झाला की विंच चालवणारा उचलतो आणि हात खाली झाला की सोडतो. या वेळी कोणी बोलत नाही.

बाटल्यांची दोन्ही तोंडे उघडी ठेवलेली असतात, त्यामुळे उतरताना पाणी त्यांतून आरपार जाते. तार मिनिटाला सुमारे साठ मीटर या वेगाने सोडतात. म्हणजे तळाजवळ पोहोचायला तास लागतो. वर प्रयोगशाळेत पडद्यावर आलेख उमटत असतो. पृष्ठभागावर अठ्ठावीस अंश असलेले तापमान पहिल्या काही शे मीटरांतच झपाट्याने घसरते आणि तळाशी दोन अंशांच्या आसपास येते. मग परतीचा प्रवास. ठरलेल्या प्रत्येक खोलीवर विंच थांबतो, तारेतून संकेत जातो, एका बाटलीची झाकणे बंद होतात आणि त्या खोलीचे पाणी तिच्यात कोंडले जाते. असे करीत सगळी चौकट वर यायला आणखी दीड-दोन तास लागतात. पूर्वी हे काम याहून कष्टाचे होते. तारेवर एकेक बाटली हाताने अडकवावी लागे, आणि एक पितळी वजन तारेवरून घरंगळत सोडले की ते बाटलीवर आपटून ती उलटी होई व मिटे. तिला जोडलेल्या तापमापकाचा पारा त्याच क्षणी तुटून ते तापमान कायम ठेवी.

खोलीचा दाब किती असतो याची कल्पना आम्हांला संस्थेत एका साध्या वस्तूने आली. थर्मोकोलचा चहाचा पेला जाळीच्या पिशवीत घालून चौकटीबरोबर खाली पाठवला होता. दर दहा मीटरला सुमारे एक वातावरणाचा दाब वाढतो. साडेतीन हजार मीटरवर तो साडेतीनशे पटींच्या घरात जातो. वर आलेला पेला अंगठ्याएवढा झाला होता. आकार मात्र हुबेहूब पेल्याचाच होता.

पांढरा साका

चौकट डेकवर आली की खरी घाई सुरू होते. पाणी घ्यायचा क्रम ठरलेला असतो. प्राणवायूसाठीचे पाणी अगदी सुरुवातीला, कारण हवेचा स्पर्श होताच ते बिघडते. क्षारतेचे पाणी शेवटी घेतले तरी चालते. प्राणवायूची छोटी काचेची बाटली भरताना नळी तळाशी टेकवतात, पाणी बराच वेळ वरून वाहू देतात आणि एकही बुडबुडा आत राहू देत नाहीत. पहाटे चारला, डोलत्या जहाजावर, थंड पाण्याने बधिर झालेल्या बोटांनी हे चोवीस वेळा करायचे असते.

पुढची रीत विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने 1888 मध्ये शोधली. ती मूळ तत्त्वाने आजही चालते. पाण्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घालतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बनतो. मग आम्ल घालून मोकळ्या झालेल्या आयोडिनचे अनुमापन करतात. पिष्टाचा निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो, तो थेंब प्राणवायूचे प्रमाण सांगतो. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. रसायनशास्त्र दहावीनंतर सुटलेले. पण संस्थेतील एका शास्त्रज्ञ बाईंनी सांगितलेली एक गोष्ट आम्हां सर्वांना समजली. अरबी समुद्राच्या वरच्या थरातील पाण्याच्या बाटलीत साका चहासारखा तपकिरी दिसतो. तीनशे-चारशे मीटरवरच्या पाण्याच्या बाटलीत तो पांढराच राहतो. पांढरा म्हणजे प्राणवायू जवळजवळ नाही. माझ्या वहीतील ‘अत्यल्प’ या शब्दाचा रंग मला त्या दिवशी कळला.

असे का होते? नैर्ऋत्य व ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्रात खालचे पोषक पाणी वर येते आणि सूक्ष्म वनस्पती विपुल वाढतात. त्या मरून खाली जाताना कुजतात आणि कुजण्यात प्राणवायू खर्च होतो. या समुद्राला उत्तरेकडे जमिनीची भिंत आहे, त्यामुळे त्या बाजूने थंड, ताजे पाणी येऊन ही तूट भरून निघत नाही. म्हणून सुमारे दीडशे मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत हा दुष्काळी थर पसरला आहे.

हा प्रश्न दूरच्या खोल पाण्याचा आहे असे कोणी समजू नये. पावसाळ्याच्या उत्तरार्धात कमी प्राणवायूचे पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागातही वर सरकते. पावसाचे गोडे पाणी त्यावर झाकणासारखे बसते आणि तळाचा प्राणवायू आणखी घटतो. कोचीजवळ कार्ल बान्स या शास्त्रज्ञाने 1959 मध्येच दाखवले होते की असे पाणी आले म्हणजे तळाजवळची मासळी तेथून हटते. गोव्यात कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या एकाच ठिकाणी संस्थेची माणसे 1997 पासून लहान बोटीतून पुन:पुन्हा जाऊन पाणी आणीत आली आहेत. तेथे खोली तीस मीटरहूनही कमी. काही वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाच्या पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. म्हणजे प्राणवायू पूर्ण संपून हायड्रोजन सल्फाइड तयार झालेला असतो. 1999 मध्ये आपल्या किनाऱ्यावर ही अवस्था विशेष तीव्र होती. डॉ. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, अशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा पृथ्वीचे तापमान वाढवणारा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो असे दाखवले. शेतांतून वाहून येणारी खते याला कारण असावीत असा तर्क पुढे आला. तर्क खरा की खोटा, हे एका वर्षाच्या मोजणीने ठरत नाही. त्यासाठी त्याच जागी, त्याच रीतीने, वर्षानुवर्षे बाटली बुडवावी लागते. ज्यांच्या घरची चूल मासळीवर पेटते, त्या आमच्या किनाऱ्याला या कंटाळवाण्या कामाची किंमत कळायला हवी.

गळकी बाटली

आता मामांची गोष्ट. एका रात्री चौकट वर आली. मामा ती बांधून ठेवीत होते, तेव्हा एका बाटलीच्या तळाशी थेंब लोंबताना त्यांना दिसला. त्यांनी जवळच्या तरुण संशोधकाला सांगितले. तो दोन रात्रींचा जागा होता. “वरून ओली झाली असेल,” असे म्हणून तो नळी लावू लागला. मामा गप्प राहिले असते तरी कोणी त्यांना विचारले नसते. पण त्यांनी प्रमुख शास्त्रज्ञांना हाक मारली. प्रमुखांनी वरची हवेची खीळ बंदच ठेवून खालची तोटी उघडली. बाटली घट्ट असेल तर अशा वेळी पाणी येत नाही. पाणी वाहू लागले. झाकण नीट बसले नव्हते. वर येताना दुसऱ्याच खोलीचे पाणी आत शिरले असणार.

मी विचारले, “मग काय केलं?”

मामा म्हणाले, “काय करतले? वहीत लिवल्यानी, ही बाटली गळकी, हेचो आकडो धरूचो नाय. पानी इला खरा बाय, पण ता खयचा ता कोणाक म्हायत?”

पाणी आले खरे, पण ते कुठले? मला वाटते, संशोधनाचा सगळा धर्म या प्रश्नात आहे. पुन्हा तार सोडायला वेळ नव्हता. पुढच्या स्थानकाकडे जहाज निघायचे होते. वरच्या आणि खालच्या बाटल्यांचे आकडे पाहून मधला आकडा सहज अंदाजाने भरता आला असता, आणि तो बहुधा फारसा चुकलाही नसता. तरी त्या आलेखात एक जागा रिकामी राहिली. ती रिकामी जागा ही त्या रात्रीची खरी नोंद.

आज हजारो स्वयंचलित तरंगती उपकरणे महासागरांत सोडलेली आहेत. ‘आर्गो’ नावाच्या या योजनेतील तरंगक हजार मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत जाऊन वर येतात आणि उपग्रहामार्फत मोजमापे कळवतात. हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागांची सूचनाही मिळते. तरीही बाटली निवृत्त झालेली नाही. यंत्राचा काटा कालांतराने सरकतो आणि तो सरकला की नाही हे पाहण्यासाठी बाटलीतले पाणीच साक्षीला लागते. आणि बाटलीच्या साक्षीला माणसाची नजर लागते.

एक कबुली

हा लेख येथे संपवता आला असता. परंतु ज्या कारणाने तो लिहायला घेतला ते सांगितले नाही तर तो अपुरा राहील. गेल्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी मी गावातील विहिरीच्या पाण्याची पातळी जून ते जानेवारी दर रविवारी मोजली. दोरीला दगड बांधून पातळी मोजायची आणि वहीत लिहायची, इतकेच काम. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले होते. तीन रविवार चुकले. मागचा आणि पुढचा आकडा पाहून मधले तीन मी मनानेच भरले. आलेख सुरेख आला आणि गुण चांगले मिळाले.

मामांची गोष्ट ऐकल्यावर ती वही मला उघडवेना. मामा सातवी शिकलेले. त्यांचे नाव कोणत्याही शोधनिबंधावर नाही. त्या थेंबाकडे दुर्लक्ष केल्याने त्यांचा पगार कापला जाणार नव्हता, की तो दाखवल्याने वाढणार नव्हता. सुट्टीनंतर मी सरांकडे गेले आणि खरे काय ते सांगितले. सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी लाल शाईचे पेन माझ्या हातात दिले. मी तीन आकड्यांवर काट मारली आणि पुढे लिहिले : नोंद नाही.

आलेख आता तीन ठिकाणी तुटलेला आहे. विभागाच्या कपाटात तो ठेवलेला आहे आणि पुढल्या वर्षी माझ्या गावची जी विद्यार्थिनी त्याच विहिरीवर काम करील तिला तो मिळेल. तिने बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.